जुन्या फोटोतली तीन विमानं कोणती? (शिंदखेडा परिसर)

शिंदखेडा_वाचन

राम राम मंडळी. तालुक्यातल्या एका जुन्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. तिच्यातल्या फोटोंखालच्या ओळी मी लिहिते आहे. अल्बममध्ये विमानांचे तीन फोटो आहेत आणि तिन्हींची नीट ओळख हवी आहे.

फोटो १: पोस्टकार्ड आकार, साधारण साडेतीन बाय साडेपाच इंच. दुपंखी विमान शेतात उभं आहे, जमिनीवर धसकटं दिसतात, भोवती पन्नासेक माणसं. उघड्या दोन बैठका, एकामागे एक. धडावर मोठी अक्षरं आहेत, पण माणसं आडवी आल्यामुळे शेवटची दोनच दिसतात. त्यातलं आधीचं 'सी' किंवा 'जी' वाटतं, शेवटचं अर्धं झाकलंय. मागच्या बाजूला निळ्या बॉलपेनने लिहिलंय: "टायगर मॉथ, १९२९".

फोटो २: छोटा, सहा बाय नऊ सेंटिमीटर. पंख एकच आणि तो डोक्यावर, केबिन बंद. मागे "टाटांचं विमान" एवढंच.

फोटो ३: करवती कडांचा. बंद केबिन, पण दुपंखी, नाक गोल. शेपटी चौकटीबाहेर कापली गेली आहे. मागे काहीच लिहिलेलं नाही.

फोटो काळ्या कागदाच्या अल्बमला डिंकाने चिकटवलेले आहेत. पहिला आणि तिसरा कडेने सुटलेत, म्हणून मागचं पाहता आलं. दुसऱ्याचा मजकूर शेजारच्या कागदावर उमटलाय. आत्ता मोबाइलवरून काढलेले फोटो टाकते.

---

पांझराकाठ

ताई, फोटो भारी आहेत. पण मोबाइलच्या फोटोवरून विमान ओळखणं म्हणजे अंदाज बांधणं. आधी स्कॅन नीट करून घ्या.

चिकटलेला फोटो ओढून काढू नका. अख्खं पान स्कॅनरवर ठेवा. फोटो १ साठी १२०० डीपीआय, ग्रेस्केल, १६ बिट, टिफ फाइल. साडेपाच इंचाच्या बाजूला ६६०० पिक्सेल मिळतील, तेवढे पुरेत. फोटो २ बहुधा कॉन्टॅक्ट प्रिंट आहे, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला. सहा बाय नऊ हे १२० रोलच्या बॉक्स कॅमेऱ्याचं नेहमीचं माप. अशा छोट्या प्रिंटमध्ये मोठ्यापेक्षा जास्त बारकावा असतो, म्हणून त्याला २४०० द्या. स्कॅनरचं 'शार्पन' आणि 'डस्ट रिमूव्हल' बंद ठेवा. धुळीचे ठिपके म्हणून ते पंखांमधल्या ताणाच्या तारा पुसून टाकतं, आणि तारा किती व कुठे हीच तर ओळखीची खूण असते.

काळ्या भागांवर चंदेरी झाक आली असेल तर स्कॅनरमध्ये ती निळसर चमकते आणि तपशील दिसत नाही. तेव्हा कॅमेरा बरा. फोटो सपाट ठेवा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे, कॅमेरा सरळ वरून. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून छोटी होते.

आणि एक कळकळीची विनंती: जुने फोटो 'स्वच्छ' करणारं एआय अ‍ॅप लावू नका. त्याला अक्षर वाचता आलं नाही तर ते दिसायला नीटनेटकं असं दुसरंच अक्षर तयार करतं. तारा, दांडे, इंजिनाची नळी यांचंही तेच होतं. एकदा अशी प्रत फिरू लागली की मूळ फोटोकडे कोणी बघत नाही.

फोटो उलटा छापलाय का, तेही तपासा. गर्दीत सायकल असली तर साखळी सायकलच्या उजव्या अंगाला हवी. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर आलेली हवी.

---

शिंदखेडा_वाचन

धन्यवाद दादा, स्कॅन करून टाकले. फोटो १ मध्ये डाव्या कडेला सायकल आहे आणि साखळी उजवीकडेच आहे. फोटो सुलटा आहे.

---

लाकडी_पंखा

स्कॅन उत्तम आलेत. फोटो १ पासून सुरुवात करतो.

मागे लिहिलेल्या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ ला. १९२९ मध्ये ते नव्हतंच. शिवाय बॉलपेन बाजारात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे ही ओळ फोटो काढल्यावर बऱ्याच वर्षांनी कोणीतरी आठवणीतून लिहिली आहे. आपल्याकडे उघड्या बैठकांच्या प्रत्येक दुपंखी विमानाला सरसकट टायगर मॉथ म्हणतात, कारण युद्धानंतर फ्लाइंग क्लबांत तेच दिसायचं. म्हणून मागचं नाव आणि साल बाजूला ठेवा आणि फोटोत काय आहे ते बघा.

सगळ्यात आधी नाक. चार सिलिंडर एका रांगेत, हे मॉथ घराण्याचं, म्हणजे ब्रिटिश डी हॅव्हिलँड कंपनीच्या छोट्या विमानांचं इंजिन. प्रश्न एवढाच की सिलिंडर वर आहेत की खाली. सुरुवातीच्या जिप्सी इंजिनात सिलिंडर उभे होते, क्रँकशाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा) तळाला. त्यामुळे प्रोपेलरचा मध्य नाकाच्या खालच्या भागात येतो आणि सिलिंडरची डोकी झाकणाच्या वर डोकावतात. पायलटला त्यांच्यावरून पुढे बघावं लागे. पुढे जिप्सी थ्री आणि जिप्सी मेजर ही इंजिनं उलटी बसवली. त्यांत क्रँकशाफ्ट वर गेला, प्रोपेलरचा मध्य वर गेला आणि नाकाची वरची रेघ प्रोपेलरकडे उतरती झाली. टायगर मॉथला उलटं इंजिन असतं.

तुमच्या फोटोत प्रोपेलरचा मध्य स्पष्टपणे खाली आहे आणि झाकणावर सिलिंडरचे उंचवटे दिसतात. इंजिन उभं आहे, म्हणजे टायगर मॉथ बाद.

दुसरी खूण पंखांची. टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले आहेत आणि वरचा पंख खालच्याच्या पुढे सरकवलेला आहे. पुढच्या बैठकीतल्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग आणि त्याचे दांडे पुढे नेले, मग तोल साधायला पंख मागे वळवावे लागले. त्यामुळे बाजूने बघताना दोन पंखांमधले दांडे पुढे झुकलेले दिसतात. तुमच्या फोटोत ते जवळजवळ उभे आहेत आणि पुढची बैठक वरच्या पंखाच्या थेट खाली आहे. हे डी हॅव्हिलँड डीएच ६० मॉथ.

या दोन खुणांपैकी एकीवर थांबू नका. मध्ये एक फसवं विमान आहे: डीएच ६० जी थ्री, ज्याच्या नंतरच्या रूपाला मॉथ मेजर म्हणतात. त्याला इंजिन उलटं पण पंख सरळ. फक्त नाक बघणारा त्याला टायगर म्हणतो, फक्त पंख बघणारा जिप्सी मॉथ (उभ्या जिप्सी इंजिनाचं डीएच ६०) म्हणतो, आणि दोघंही चुकतात.

आता डीएच ६० पैकी कोणतं, ते धडावरून कळेल. जिप्सी मॉथच्या लाकडी धडाला प्लायवूडची बाजू असते. ती सपाट, गुळगुळीत दिसते. धातूच्या नळ्यांचा सांगाडा असलेलं ते डीएच ६० एम. त्यावर कापड ताणलेलं असतं आणि कापडाखालच्या लांब पट्ट्यांच्या रेघा उन्हात उठून दिसतात. तुमच्या स्कॅनमध्ये मागच्या बैठकीपासून शेपटीकडे जाणाऱ्या समांतर रेघा आहेत. ऊन तिरकं आहे म्हणून त्या दिसतात. डोक्यावरच्या उन्हात त्या नाहीशा होतात, तेव्हा 'रेघा नाहीत म्हणून लाकडी' असा उलटा निष्कर्ष मात्र कधी काढू नये. इथे आहेत, म्हणून मी डीएच ६० एम म्हणतो.

लांबी-उंचीवरून काही ठरवायला जाऊ नका. जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ दोन्हींची लांबी २३ फूट ११ इंच. पंखांचा विस्तार एकाचा ३० फूट, दुसऱ्याचा २९ फूट ४ इंच. तिरक्या फोटोत आठ इंचांचा फरक कोणीही मोजू शकत नाही. मापं उपयोगी पडतात ती घराणं वेगळं करायला, भावंडं वेगळी करायला नाही.

एक शेवटची खूण, कोणाकडे दुसरा फोटो निघाला तर: पंख मागे दुमडून धडाला लावलेले दिसले की विमान टायगर मॉथ नाही. डीएच ६० चे पंख दुमडतात, टायगरचे दुमडत नाहीत.

---

ताफा_१९३०

लाकडी_पंखा यांच्याशी पूर्ण सहमत. आता नोंदणीच्या अक्षरांबद्दल.

हिंदुस्थानातल्या विमानांवर १९२९ पासून 'व्हीटी' आलं. त्याआधी 'जी-आय' ने सुरू होणारी खूण असायची. 'व्हीटी' नंतरची तीन अक्षरं साधारण क्रमाने दिली गेली, म्हणून अक्षरांवरून काळाचा अंदाज येतो. पक्क्या माहितीचे काही टप्पे: टाटांचं १९३२ चं पुस मॉथ व्हीटी-एडीएन, एअर इंडियाचं १९४८ चं 'मलबार प्रिन्सेस' व्हीटी-सीक्यूपी, १९६० च्या बोइंग ७०७ व्हीटी-डीजे मालिकेतल्या, १९७१ चं जंबो 'एम्परर अशोक' व्हीटी-ईबीडी. क्रम कधी मोडतोही, तेव्हा यावरून दशक ठरवा, महिना नको.

तुमचं शेवटून दुसरं अक्षर 'सी' असेल तर विमान व्हीटी-एसी गटातलं, एडीएनच्या आधीचं. 'जी' असेल तर नंतरचं. म्हणून त्या एका अक्षरावर वेळ घालवण्यात अर्थ आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात आत वळणारी आडवी पट्टी आहे का बघा. प्रतिमा ४०० टक्के मोठी करा आणि फक्त त्या अक्षराचा कॉन्ट्रास्ट वाढवा, पूर्ण फोटोचा नको.

झाकलेल्या अक्षरांची जागा काढायची रीत: त्या काळच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, रेघेची जाडी उंचीच्या एक षष्ठांश, आणि दोन अक्षरांमधली जागा रुंदीच्या निम्मी. हिशेब केला की एका अक्षरापासून पुढच्यापर्यंतचं अंतर अक्षराच्या उंचीइतकंच येतं. तुमच्या स्कॅनवर अक्षराची उंची १२ मिलिमीटर भरली तर दर १२ मिलिमीटरवर एक अक्षर. शेवटच्या अक्षरापासून मागे मोजत चला. शेवटचं अक्षर हे पहिलं घर धरलं तर मधल्या आडव्या रेघेसकट सहाव्या घरात 'व्ही' येतो. त्या जागी माणसाच्या खांद्यामागून तिरकी रेघ डोकावतेय का बघा. विमान कॅमेऱ्याला समांतर असेल तरच हे चालतं. तिरकं असेल तर शेपटीकडची घरं अरुंद होत जातात.

पाच अक्षरं मिळाली की युद्धापूर्वीच्या नोंदणीच्या याद्यांतून प्रकार, कारखान्याचा क्रमांक आणि मालक निघतो. विमान आधी इंग्लंडमध्ये नोंदलेलं असेल तर ब्रिटिश नोंदवहीची स्कॅन केलेली पानं जी-इन्फो या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. यादीतला प्रकार आणि फोटोतला प्रकार जुळला पाहिजे. न जुळल्यास अक्षर चुकीचं वाचलंय असं समजा, यादी चुकली असं नाही.

---

सातपुडा_पायथा

विमानाचं मला फार कळत नाही, जागेचं आणि हंगामाचं सांगतो.

धसकटं ज्वारीची आहेत, जाड आणि ओळीत. आपल्याकडची दादर (रब्बी ज्वारी) फेब्रुवारी-मार्चात निघते. कपाशीचं वावर असतं तर पऱ्हाट्या उपटलेल्या किंवा ढीग घातलेल्या दिसल्या असत्या. आणि पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत एवढी हलकी चाकंही रुतून बसली असती. फोटो फेब्रुवारी ते मेमधला धरायला हरकत नाही.

दिशा काढायची असेल तर सावल्या बघा. मे अखेर ते जुलैचा मध्य सोडला तर आपल्या अक्षांशावर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो. तापीच्या खोऱ्यात उत्तरेला सातपुड्याची सलग रांग, दक्षिणेला तुटक डोंगर. मागे सलग रांग आणि विमानाच्या आपल्याकडच्या बाजूवर ऊन असेल तर कॅमेरा उत्तरेकडे. मागे डोंगर आणि विमान सावलीत असेल तर दक्षिणेकडे. तुमच्या फोटोत मात्र क्षितिज कोरं दिसतं.

---

पांझराकाठ

क्षितिज कोरं आहे म्हणून डोंगर नव्हता असं नाही. त्या काळच्या बऱ्याच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होत्या, म्हणजे निळ्याला फार संवेदनशील आणि लाल जवळजवळ न दिसणाऱ्या. निळसर धुक्यातली लांबची रांग अशा फिल्मवर आकाशात विरघळून जाते. शिंदखेड्याहून सातपुडा तसाही लांब.

हीच गोष्ट रंगांना लागू. ऑर्थो फिल्मवर लाल काळा येतो, पिवळा गडद येतो, निळा फिका पडतो. गर्दीतली पागोटी बघा. काही कोळशासारखी काळी, काही पांढरीशुभ्र. काळी दिसणारी बरीचशी लाल असणार. म्हणून धड गडद दिसतंय यावरून रंगाबद्दल ओळ लिहू नका. चंदेरी मात्र फिका राखाडी येतो आणि पंखांचा रंग तसा दिसतोय, एवढं म्हणता येईल.

---

लाकडी_पंखा

फोटो २.

"टाटांचं विमान" म्हटलं की सगळ्यांना १५ ऑक्टोबर १९३२ आठवतो: जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले, तेव्हाचं विमान डीएच ८० ए पुस मॉथ. १९८२ मध्ये पन्नास वर्षांनी त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केलं ते डीएच ८५ लेपर्ड मॉथमधून. दोन्ही विमानं पटकन सारखी वाटतात आणि दोन्ही फोटो एकमेकांच्या जागी सहज छापले जातात.

फरक असा. पुस मॉथचे पंख मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ एकाच रुंदीचे. लेपर्डचे टोकाकडे निमुळते आणि मागे झुकलेले. हा फरक समोरून दिसत नाही, वरून किंवा खालूनच दिसतो. तुमचा फोटो समोरून तिरका आहे, तेव्हा चाकांच्या पायांकडे या. पुस मॉथमध्ये धक्के झेलणारा लांब पाय चाकापासून वर, पंखाच्या मुळाकडे जातो आणि त्यावर रुंद पत्र्याचं आवरण असतं. ते आवरण आडवं फिरवलं की उतरताना हवेचा ब्रेक म्हणून काम करायचं. लेपर्डमध्ये पाय पुढे, इंजिनाच्या मागच्या भिंतीकडे जातो, त्यामुळे खिडकीखालची बाजू मोकळी दिसते. तुमच्या फोटोत खिडकीपुढून वर जाणारी रुंद पट्टी आहे. मी पुस मॉथ म्हणतो.

दोन शंका घालवून टाकतो. फेअरचाइल्ड आर्गस थ्रीलासुद्धा उलटं, रांगेतलं इंजिन आणि डोक्यावर पंख असतो. पण त्याचं रेंजर इंजिन सहा सिलिंडरचं, नाक लांब. स्टिन्सन रिलायंटचं नाक गोल (सिलिंडर वर्तुळात मांडलेले), त्याचा इथे प्रश्नच नाही.

मात्र पुस मॉथ म्हणजे टाटांचंच असं होत नाही. संस्थानिकांकडे आणि खासगी मालकांकडेही ती होती. अक्षरं दिसत नाहीत तोवर "टाटांचं" हे अवतरणचिन्हात ठेवा आणि 'फोटोमागील नोंद' असं म्हणा.

---

ताफा_१९३०

फोटो ३ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बंद केबिनची दुपंखी विमानं आपल्याकडच्या फोटोंत क्वचित सापडतात.

गाळत जाऊ. बंद केबिनचं दुपंखी म्हणून आधी डीएच ८३ फॉक्स मॉथ आठवतं. पण त्याचं नाक अरुंद, रांगेतल्या चार सिलिंडरचं, आणि पायलट प्रवाशांच्या मागे उघड्यावर बसतो. तुमच्याकडे पायलट पुढे, काचेच्या आत आहे. फॉक्स बाद. ड्रॅगन आणि ड्रॅगन रॅपीडला दोन इंजिनं, तीही पंखांवर. बाद. हॉर्नेट मॉथ दोघांचं, इंजिन रांगेतलं. बाद. बीचक्राफ्ट १७ चं नाक गोल, केबिन बंद, पण त्यात खालचा पंख वरच्याच्या पुढे असतो आणि चाकं आत ओढली जातात. तुमच्या फोटोत वरचा पंख पुढे आहे आणि चाकं पक्की बसवलेली आहेत.

उरतं ते अमेरिकन वॅको केबिन. वॅकोच्या केबिन विमानांच्या दोन ओळी होत्या. साध्या, म्हणजे 'एस' मालिकेत दोन्ही पंखांत तफावत कमी. 'सी' मालिकेत, म्हणजे कस्टम केबिनमध्ये, खालचा पंख ठळकपणे आखूड आणि अरुंद. तुमच्या फोटोत खालचा पंख दांड्यांच्या थोडं पुढे जाऊन संपतो, वरचा त्याच्याही बराच पुढे जातो. हे कस्टम केबिन आहे.

टाटांच्या तीसच्या दशकातल्या ताफ्यात मॉथ घराण्याबरोबर वॅको वायक्यूसी ६ होतं. या नावातलं पहिलं अक्षर इंजिन सांगतं ('वाय' म्हणजे २२५ अश्वशक्तीचं जेकब्स), दुसरं सांगाडा, तिसरं मालिका, आणि ६ म्हणजे १९३६. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांची मुंबई–इंदूर–भोपाळ–ग्वाल्हेर–दिल्ली सेवा सुरू झाली. नकाशावर मुंबई ते इंदूर पट्टी ठेवून बघा, रेघ साक्री-शिंदखेड्याच्या जवळून जाते. वाटेत कधी उतरावं लागलेलं विमान फोटोत असणं शक्य आहे. पण हे फक्त शक्य आहे, पुरावा नाही.

---

शिंदखेडा_वाचन

खूप खूप आभार. फोटो ३ च्या नाकावर झाकणाभोवती छोटे उंचवटे दिसतात. मोजले तर दिसणाऱ्या अर्ध्या भागात चार आहेत, म्हणजे एकूण सात धरता येतील. यावरून जेकब्स नक्की म्हणता येईल का?

---

लाकडी_पंखा

नाही ताई, तेवढ्यावरून नाही. उंचवटे सिलिंडरच्या डोक्यांसाठी असतात, तेव्हा सात हा आकडा बरोबर वाटतो. पण वॅकोमध्ये बसवलं जाणारं काँटिनेंटल आर-६७० हेसुद्धा सात सिलिंडरचंच. सिलिंडर मोजून जेकब्स आणि काँटिनेंटल वेगळी होत नाहीत. नऊ भरले असते तर मात्र दोन्ही बाद झाली असती.

ओळ अशी लिहा: "वॅको कस्टम केबिन विमान, बहुधा सी-६ मालिका, १९३६ किंवा नंतर". 'वायक्यूसी ६' हे पूर्ण नाव नोंदणीची अक्षरं मिळाल्याशिवाय नको. फोटोची मूळ निगेटिव्ह किंवा त्याच दिवशीचा दुसरा फोटो कोणाच्या घरी असेल तर शेपटी त्यात मिळू शकते. स्मरणिकेत तसं आवाहनच टाका.

फोटो १ साठी: "डी हॅव्हिलँड डीएच ६० एम मॉथ. फोटोमागे 'टायगर मॉथ, १९२९' अशी नंतरची नोंद". मूळ नोंद खोडू नका. नवी ओळख वेगळ्या कागदावर लिहा आणि तो अल्बमच्या पानाला जोडा. प्रिंटच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिल, तीही कडेला, दाब न देता.

---

भुसावळ_लोको

इथेच एक विचारून घेतो. माझ्याकडे एक लष्करी विमान आहे. डोक्यावर पंख, लांब पाय, केबिनला भरपूर काचा. धडावर गोल खूण, आत फिका ठिपका, बाहेर गडद कडं. फोटोवर "भुसावळ १९४५". लायसँडर म्हणावं का?

---

ताफा_१९३०

भाऊ, लायसँडर नव्हे. त्याचं नाक गोल आणि मोठं, चाकांवर जाड बूट, आणि पंख मुळाशी अरुंद, मधे रुंद, टोकाला पुन्हा अरुंद. एकदा पाहिलं की विसरत नाही.

गोल खूण काळाशी जुळते. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, गोंधळ नको म्हणून १९४२ पासून हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश विमानांच्या गोल खुणेतला लाल काढला गेला. पुढे गडद निळं कडं आणि आत फिका निळा, अशी छोटी खूण आली. तुमच्याकडे तीच दिसते. स्वातंत्र्यानंतरची असती तर आत अशोकचक्र असतं, आणि १९५० पासून केशरी, पांढरा, हिरवा.

आता विमान: स्टिन्सन एल-५ की ऑस्टर, एवढंच ठरवायचं. समोरून बघा. ऑस्टरमध्ये दोघं शेजारी बसतात, केबिन रुंद. एल-५ मध्ये एकामागे एक, धड अरुंद, आणि बाजूच्या काचा वरच्या बाजूला बाहेर झुकलेल्या, खाली वाकून बघता यावं म्हणून. एल-५ च्या पंखाच्या पुढच्या कडेसमोर, टोकाच्या बाजूला, एक पक्की बसवलेली पट्टी असते. तिच्यात आणि पंखात फट दिसते. ऑस्टरला ती नसते. नाकाच्या बाजूंतून सिलिंडर उघडे बाहेर आलेले असतील तर दोन्ही नाही, ते पायपर कब. पंख अवाढव्य आणि नाक गोल असेल तर व्हल्टी व्हिजिलंट, त्याचा विस्तार जवळपास ५१ फूट, एल-५ चा ३४.

पंखाच्या पुढच्या कडेचा तेवढा तुकडा १२०० डीपीआयला स्कॅन करून टाका, फट दिसते का बघू.